घाटात सुटलेला पाइप

परतवाड्याला तनवीरच्या गॅरेजात आलेली ती लाल स्पोर्ट्स कार दिसायला देखणी, पण अंगानं पोकळ होती. कुणीतरी हौसेनं तिचा टप, म्हणजे छप्परच, कापून टाकला होता. बुटांच्या खोक्याचं झाकण काढलं की खोकं हातात पिळतं, तशीच ती खड्ड्यात पिळायची आणि दार आपोआप उघडायचं. म्हणून तनवीरनं तिच्या पोटाखाली दोन तिरपे पाइप फुलीसारखे वेल्डिंग करून बसवले होते.

संध्याकाळी अमरावतीहून पंजाबराव आपली गाडी न्यायला येणार होते. नातीला शेजारी बसवून फिरवायचं त्यांच्या मनात होतं. त्याआधी चिखलदऱ्याच्या घाटात एक फेरी मारून पाहावी म्हणून तनवीर निघाला. गॅरेजात सीटा शिवणारी त्याची धाकटी बहीण निखत गाडीच्या दारावर लक्ष ठेवायला शेजारी बसली.

चढताना दार जरासुद्धा हललं नाही. तनवीर शीळ घालू लागला.

“पायलं? आता लोखंडाची पेटी झाली गाडी!”

“भाव नोको खाऊ. समोर पाय.”

परतताना उतारावर खालून टण्णकन आवाज झाला.

“दगड उडाला असन,” तनवीर म्हणाला.

पण दगड एकदाच वाजतो. हा खरखराट त्यांच्यासोबत चालू लागला. कलत्या उन्हात गाडीची लांब सावली रस्त्याच्या कडेनं धावत होती. त्या सावलीच्या पोटाखालून एक काठी लोंबत होती, टोक पुढं करून.

“भाई, पाइप सुटला! पुढचं टोक लटकून राहिलं!”

तनवीरनं ब्रेक दाबला. गाडीनं नाक खाली घातलं आणि खरखराटाची किंचाळी झाली. त्यानं पाय चटकन उचलला. नाक खाली गेलं की टोक रस्त्यात रुतणार, आणि रुतलं तर गाडी त्या काठीवर उभीच्या उभी उलटणार. ब्रेक न दाबावा तर एका अंगाला दरी.

“थांबव ना!”

“थांबवून राहिलो. बोलू नोको.”

बोलू नको म्हटल्यावर तर निखतला आणखीच भीती वाटली. भावाच्या कपाळावरून घाम वाहत होता. खाली एका वाडीजवळचा स्पीड ब्रेकर दिसू लागला. टोक त्यालाच अडकणार. निखतला डोळे मिटावेत असं वाटत होतं, पण तेवढीही हिंमत होईना.

तनवीरनं गिअर एकेक करून खाली आणला. इंजिन ओरडू लागलं. गाडी जराशी मंदावली, मग आणखी जराशी. त्यानं डोंगराकडची चाकं कडेच्या भुसभुशीत मुरमात घातली आणि हँडब्रेक हळूहळू ओढला. स्पीड ब्रेकरच्या अलीकडे गाडी थांबली.

तनवीर उतरून गाडीखाली वाकून पाहून आला.

“जॅकवर गाडी लटकलेली होती, तशातच वेल्डिंग मारली म्या. चाकं जमिनीवर टेकवून मारा लागत होती. गाडी खाली उतरली तवापासून जोड ताणातच होता. घाई झाली.”

फोन वाजला. पंजाबरावांचा होता.

“आज गाडी नाई देत, काका. नाई, उद्याबी नाई.” पलीकडून बराच आरडाओरडा झाला.

फोन ठेवून तो म्हणाला, “तुयी ओढनी दे. पाइप वर बांधतो, हळूहळू जाऊ खाली.”

निखतनं चावी काढून मुठीत धरली.

“पागल झाला का तू? मी नाई बसत, अन् तुलेबी बसू देत नाई.”

वरून परतवाड्याला जाणारी जीप आली, तिला निखतनंच हात केला. गाडी तिथंच सोडून माणसांच्या गर्दीत दोघं चेपून बसले. जीप वळणावर करकरली की दोघांचंही बोलणं तुटायचं, आणि दोघंही पायाखालचा आवाज ऐकत राहायचे.