गालिआनोला नेलेलं सूप

पातेलं दोनाताच्या मांडीवर होतं. झाकणावरून फडकं घेऊन त्याच्या गाठी तिने पातेल्याच्या दोन्ही कानांना मारल्या होत्या, तरी प्रत्येक वळणावर आतलं सूप डुचमळल्याचं तिला मांड्यांना जाणवत होतं.

"हळूच चालवतोय," तिचा नवरा ओरोन्झो म्हणाला. "सांडेल नाहीतर."

"मी कुठे काय म्हटलं?"

दोन दिवस आफ्रिकेकडून दमट वारा वाहत होता. समुद्र आणि आभाळ एकाच मळक्या रंगाचे झाले होते. सान फोकाच्या किनाऱ्यावर छत्र्या मिटलेल्या होत्या आणि सुट्टीवर आलेली माणसं ओल्या टॉवेलांवर नुसतीच बसून होती. आतल्या हमरस्त्याने गेलं असतं, तर जेवणाआधी ओरोन्झोचं गाव, गालिआनो, आलं असतं. पण ओरोन्झोने गाडी किनाऱ्याच्या रस्त्याला घातली. हमरस्त्यावर ट्रक अंगावर येतात, दर चौकात ब्रेक लागतो, सूप हिंदकळतं, असं त्याचं म्हणणं.

त्याचा थोरला भाऊ पान्तालेओ काल सकाळी गेला. वहिनीचा, कोन्सिल्याचा, फोन आला तेव्हा दोनाता शेजारीच उभी होती. "भावजी, हे गेले. उद्या संध्याकाळी पाचला उचलायचंय. पेटीची पुढची डावी बाजू तुमची." एवढंच बोलून तिने फोन ठेवला. ओरोन्झो खिडकीशी गेला. मग वळून त्याने विचारलं, "घरात कोंबडी आहे का?"

दोनाताला तेव्हाच कळलं होतं.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी, ओळखीचे लोक पातेली घेऊन येतात, वाढतात, दोन शब्द बोलतात आणि निघून जातात. सख्ख्यांनी काही आणायचं नसतं. सख्ख्यांनी रिकाम्या हातांनी यायचं, शवपेटीला खांदा द्यायचा आणि मग घरच्यांबरोबर बसून दुसऱ्यांनी वाढलेलं खायचं. पातेलं घेऊन दारात येणारा माणूस बाहेरचा असतो. हे गालिआनोतल्या लहान पोरालाही माहीत आहे, आणि ओरोन्झो तर तिथेच वाढला होता.

"रक्ताच्या माणसाने पातेलं न्यायचं नसतं," रात्री ती म्हणाली होती.

"अकरा वर्षं उंबरा ओलांडला नाही. कसलं रक्त?"

भांडण झाडांवरून झालं होतं. ऑलिव्हची झाडं शेंड्याकडून वाळायला लागली तो काळ. खोडातल्या पाणी वर नेणाऱ्या नळ्या आतून तुंबत जायच्या आणि डोळ्यांदेखत झाड तहानेने मरायचं. पान्तालेओ चुना लावत राहिला, छाटणी करत राहिला. ओरोन्झोने यंत्र बोलावून आपल्या वाटणीची सगळी झाडं एका आठवड्यात उपटून टाकली. त्यात बांधावरचं आजोबांनी कलम केलेलं झाडही गेलं. ते दोघांचं होतं. पुढे पान्तालेओचीही झाडं मेली, पण तोवर बोलणं बंद झालेलं होतं. चूक कोणाची, हा हिशेब दोनाताने कधीच सोडून दिला होता. झाडं तशीही गेलीच असती. बांधावरच्या झाडाचं मात्र विचारायला हवं होतं.

ओत्रान्तोच्या पुढे रस्ता कड्यावर चढला. रस्त्याच्या वरच्या अंगाला वाळलेली झाडं करड्या हाडांसारखी उभी होती. पोर्तो बादिस्कोला ओरोन्झोने गाडी थांबवली.

"कॉफी घेऊ."

"चार वाजलेत."

"अगं, बर्फ घालून देतात, दोन घोटांत संपते."

दोन घोटांची कॉफी त्याने पाऊण तास प्यायली. टपरीवाल्याने कुठे निघालात विचारलं, तर म्हणाला, "असंच, बायकोला समुद्र दाखवायला." टपरीवाला हसला. "या वयात? आजोबा, अजून रंग उतरला नाही म्हणायचा!" ओरोन्झोही हसला. ते हसणं दोनाताला बघवलं नाही.

ती पातेलं घेऊन कड्याच्या कठड्याशी गेली. खाली पाणी दगडांत शिरत होतं आणि परत येत होतं. फडक्याची एक गाठ सोडली, थोडं तिरकं केलं, की काम झालं. मग त्याच्या हातात काहीच उरलं नसतं. भाऊ म्हणूनच जावं लागलं असतं. तिने एक गाठ सोडली. कोंबडीचा, सेलरीचा वास वर आला. मेलेल्या माणसाच्या नावाने शिजवलेलं अन्न पाण्यात ओतायला तिचा हात धजेना. तिने गाठ परत मारली.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "ओरोन्झो, हे मागच्या सीटवर ठेवते. तिथे गेल्यावर तू नुसता आत जा. मी बाहेर थांबते पातेल्यापाशी."

"आणि हात कुठे ठेवू?"

"काय?"

"हात गं. तिथे उभा राहीन तेव्हा हात कुठे ठेवू मी?"

खांद्यावर ठेव, शवपेटीच्या खाली ठेव, असं म्हणता आलं असतं. ते तिला सुचलं तेव्हा कास्त्रो गाव मागे पडलं होतं आणि गाडी पुन्हा थांबली होती. या वेळी त्याला टायरमध्ये हवा कमी वाटत होती. हवा ठीक होती, तरी चारही टायर तपासून होईपर्यंत सहा वाजून गेले.

गालिआनोत शिरताना चर्चची घंटा वाजत नव्हती. गल्लीत माणसंही नव्हती. दारावरचं काळं कापड वाऱ्याने एका बाजूला गोळा झालं होतं. दफन होऊन घरची मंडळी परतली होती.

दार कोन्सिल्यानेच उघडलं. ती वाळून अर्धी झाली होती. तिने आधी ओरोन्झोकडे पाहिलं, मग त्याच्या हातांकडे. गाडीतून उतरताना त्याने दोनाताकडून पातेलं घेतलं होतं आणि छातीशी धरलं होतं.

"उशीर झाला," तो म्हणाला. "रस्ता..."

"खूप थांबलो आम्ही," कोन्सिल्या म्हणाली. "पाद्री दोनदा घड्याळ बघून गेला. पुढची डावी बाजू शेवटी बियाजोने धरली. समोरचा गॅरेजवाला." ती बाजूला झाली. "या. वाढा. ताटल्या तिथे आहेत."

मोठ्या टेबलाशी तिची मुलं, सुना, एक म्हातारी आत्या आणि बियाजो बसले होते. त्याने खांदा दिला होता, म्हणून त्याला घरच्यांत बसवलं होतं. कोन्सिल्याच्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी होती. त्या खुर्चीपुढे खोलगट ताटली मांडलेली होती.

ओरोन्झोने कोट काढून बाह्या सरसावल्या. एकेकाच्या मागे जाऊन तो वाढू लागला. हात स्थिर होता, थेंबही सांडला नाही. पुतण्याने मान वर न करता म्हटलं, "बस, काका." आत्याने त्याच्या मनगटावर बोटं टेकली आणि काढून घेतली. दोनाता दाराशी उभी होती. बाहेरून आलेल्यांनी दाराशीच उभं राहायचं असतं.

रिकाम्या खुर्चीपाशी तो आला आणि थांबला. मग त्याने त्या ताटलीतही एक पळी सूप वाढलं. मेलेल्या भावासाठी वाढलं की स्वतःसाठी, हे दोनाताला कळलं नाही. पळी हातात धरून तो तिथेच उभा राहिला. खुर्चीची पाठ त्याच्या पोटाला लागत होती. कोणीतरी एक शब्द बोललं असतं तर तो बसला असता.

कोन्सिल्याने ती ताटली उचलली आणि टेबलावरून बियाजोपुढे सरकवली.

"तू घे अजून," ती म्हणाली. "दमलास तू."