नाव न घेता

मिशनच्या त्या खोलीत प्रार्थना कमी आणि चहाड्या जास्त होतात, हे तिथलं काम बघणाऱ्या ताईंना पहिल्या महिन्यातच कळून चुकलं होतं. गल्लीच्या तोंडाशी पत्र्याच्या छपराची लांबट खोली, भिंतीला टेकवलेली तीन शिलाई मशीनं, मधे सतरंजी, वर एकुलता एक पंखा. दर गुरुवारी दुपारी वस्तीतल्या बायका तिथे जमायच्या. जरा शिवण शिकायच्या, चहा प्यायच्या आणि मग डोळे मिटून एकमेकींची उणीदुणी काढायच्या.

"हे देवबापा, जिने माझी बादली नेली त्या बहिणीला सद्बुद्धी दे," अशी एकीने सुरुवात केली की दुसरी लगेच, "बापा, फुटक्या बादलीसाठी आळ घेणाऱ्या बहिणीला क्षमा कर." समोरासमोर भांडलं तर ताई ओरडत. देवाच्या आडून भांडलं तर ताई तरी काय करणार? शेवटी त्यांनी कपाळावर हात मारून नियम केला, की प्रार्थनेत कुणाचंही नाव घ्यायचं नाही. बायकांनी तो तंतोतंत पाळला. नाव तेवढं गाळून बाकी सगळं सांगू लागल्या.

पाळकसाहेबांना वाटायचं, या खोलीत आत्मे वाचतायत. ताईंना वाटायचं, निदान आपलं डोकं शाबूत राहिलं तरी पुरे.

या सगळ्यांत अव्वल मावशी. खोलीची किल्ली तिच्याकडे. झाडलोट तिची, चहा तिचा. मन निर्मळ, भक्ती खरी, पण प्रार्थनेला उभी राहिली की पत्रे थरथरायचे. ताई तिला मनातल्या मनात भोंगा म्हणत. आणि नेमकं याच बाईला गुपित सांगायची पाळी ताईंवर आली.

गुपित होतं इस्त्रीवालीचं. ही पोरगी कोपऱ्यावरच्या लाँड्रीत इस्त्री करायची. नवरा बाटल्यांच्या कारखान्यात, सासू घरी, पदरात चार वर्षांची लेक. एका गुरुवारी ती शिवणाला मान वाकवून बसली असताना ताईंना तिच्या मानेच्या मागे त्रिकोणी डाग दिसला. भाजल्याचा, त्यावर मलम नीट पसरलेलं.

"कामावर चटका बसला," ती म्हणाली.

"मानेच्या मागे? इस्त्री काय पाठीवर घेऊन फिरतेस?" ताई खेकसल्या. त्यांना काळजी वाटली की त्या खेकसतच. मग पोरगी रडली आणि सगळं सांगून मोकळी झाली.

ताईंनी दोन आठवडे खटपट करून दुसऱ्या शहरातल्या मिशनच्या वसतिगृहात मायलेकींची सोय लावली. पुढच्या गुरुवारी प्रार्थनेच्या निमित्ताने घरून निघायचं आणि परस्पर बस गाठायची, असं ठरलं. कपड्यांची पिशवी मात्र आधीच घराबाहेर काढायला हवी होती, आणि खोलीतल्या कपाटाची किल्ली मावशीकडे. तेव्हा आधीच्या गुरुवारी पिशवी आत ठेवताना सांगणं भाग पडलं.

"मावशी, या कानाचं त्या कानाला कळता कामा नये."

"शास्त्रावर हात ठेवते ताई. माणसाला सांगणार नाही."

इथेच ताईंनी सावध व्हायला हवं होतं.

त्याच दुपारी प्रार्थना सुरू झाली. पंख्याखालच्या जागेवर इस्त्रीवालीची सासू भिंतीसारखी बसली होती. म्हातारीने आजवर तोंडातून एक आमेन काढलं नव्हतं. ती यायची पंख्यासाठी. डोळे मिटायची ते चहा आला की उघडायची, मधला वेळ घोरायची. ताईंनी तिचा नाद कधीच सोडला होता.

मावशी उभी राहिली.

"हे स्वर्गीय बापा, नाव घेत नाही, ताईंनी बजावलंय. पण आपली एक बहीण लाँड्रीत इस्त्री करते. तिच्या मानेवरची जखम तुला दिसतेच आहे. येत्या गुरुवारी ती लेकीला घेऊन तुझ्या वसतिगृहात निघालीय. तिची पिशवी कपाटात खालच्या खणात आहे, ती सांभाळ. आणि बापा, बाटलीच्या कारखान्यातल्या त्या माणसाला यातलं काही कळू देऊ नकोस!"

ताईंनी खाडकन डोळे उघडले. खोलीतल्या सगळ्याच बायकांचे डोळे उघडे होते. इस्त्रीवालीने लेकीला पोटाशी धरलं होतं.

घोरणं थांबलं होतं.

"अहो मावशी!" ताई दातओठ खात कुजबुजल्या. "मी काय सांगितलं होतं?"

"मी कुठे कुणाला सांगितलं?" मावशीला खरोखरच नवल वाटलं. "देवाला सांगितलं. त्याला काय, माहीतच होतं."

त्या क्षणी सतरंजी उचलून या बाईच्या तोंडात कोंबावी असं ताईंना वाटलं. प्रभूने क्षमा करावी, पण खरंच वाटलं. इतकी पत्रं, इतके फोन, वसतिगृहाच्या वॉर्डनची मनधरणी, सगळं मुसळ केरात. आता म्हातारी उठेल, घरी जाईल, मुलाला सांगेल आणि आज रात्रीच ही पोरगी मार खाईल. तिला आत्ताच इथून हलवायचं तर कुठे? कुणाकडे?

म्हातारी उठली नाही. डोळेही उघडले नाहीत. बसल्या जागेवरून ती बोलली.

"देवा, मला तुझ्याशी बोलायची सवय नाही. नावबिव मीही घेत नाही. पण पुढच्या गुरुवारी त्याची सुट्टी आहे. पाळी बदललीय. दिवसभर घरात नाहीतर समोरच्या टपरीवर असतो. मंगळवारी दुपारी तो कामावर असतो. तेव्हा तू मंगळवारचं बघ." जरा थांबून ती म्हणाली, "पोर रात्री गोष्टीशिवाय झोपत नाही. तिकडे कुणीतरी सांगेल असं कर. बास."

आमेन म्हणायचं तिला सुचलं नाही. ते ताईंनी म्हटलं. तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, की मानेच्या मागे स्वतःच्या हाताने इतकं नीट मलम लावता येत नाही.

मंगळवारपर्यंत ताईंना अन्न गोड लागलं नाही. बादलीवरून देवाला मधे घालणाऱ्या या बायका एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवतील यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पण नळावर, दुकानात, कुठेच कुणी चकार शब्द काढला नाही. मंगळवारी दुपारी मायलेकी बसमध्ये बसल्या. संध्याकाळी वॉर्डनचा फोन आला, की पोहोचल्या.

गुरुवारी म्हातारी उशिरा आली. मान ताठ धरून चालत होती.

"काय झालं?"

"पडले."

"खोटं बोलू नका. मला राग येतो."

म्हातारीने कनवटीची मलमाची ट्यूब काढली. अर्ध्याहून जास्त संपलेली. "मागे हात पोचत नाही माझा," ती म्हणाली आणि पाठ करून बसली. तोच त्रिकोण. ताईंनी मलम लावलं.

"तुम्हीही चला. मी सोय करते."

"मी का जाऊ? खोली माझ्या नावावर आहे. जायचं तर त्याने जावं." म्हातारीने खिडकीकडे हनुवटी केली. समोरच्या टपरीवर तिचा मुलगा चार दोस्तांत बसून मोठमोठ्याने हसत होता. "बायको पळाली म्हणून सगळ्यांसमोर गळा काढतो. लोक त्याला चहा पाजतात. तुझ्या त्या मावशीला म्हणावं, कर प्रार्थना."

ताई उठल्या. एक खिडकी उघडली, मग दुसरी, मग दार. पंखा बंद केला, कारण तो फार खडखडायचा.

"मावशी, प्रार्थना."

मावशी मागच्या गुरुवारपासून मांजर झाली होती. "मनातल्या मनात करते ताई."

"मोठ्याने. तुमच्या नेहमीच्या आवाजात."

मावशी उभी राहिली, घसा खाकरला, हात वर केले आणि पुन्हा खाली घेतले. "नाव न घेता ना?" तिने विचारलं.

ताई काही बोलणार त्याआधीच म्हातारीने डोळे मिटले.

"घे बाई," ती म्हणाली. "मीच ठेवलंय ते."