न उचललेला बेलभंडार

"बस रे रंगनाथ, उभा का?" चेअरमनसाहेबांनी पायानंच खुर्ची पुढं सरकवली.

रंगनाथ बसला नाही. साखर कारखान्यात पॅनच्या मोठ्या भांड्यावर रस शिजवण्यात त्याचे आठ हंगाम गेले होते. गाळप संपलं की तो घरी, नव्या हंगामाची मोळी पडली की पुन्हा हजर. पाकाचा थेंब काचेवर घेऊन दाणा धरला की नाही, हे त्याच्याइतकं अचूक कुणी सांगत नसे.

"हेड पॅनमनची जागा तुझी. कायम. वर क्वार्टर. फक्त लाल बावट्याच्या युनियनचा राजीनामा लिही."

"आन् बाकीचे धा हंगामी?"

"तू आपलं बघ की. उद्या सांग."

संध्याकाळी त्याची बायको चांगुणा कालव्यावरून हंडा घेऊन आली, तेव्हा त्यानं तिला सांगितलं.

"क्वार्टरला नळ असतो म्हनं," ती म्हणाली. मग चूल फुंकत राहिली. "मला काय नळ नको हाय का? पन रोज तोंड पाडून जेवनार तुमी. ते मला बघवायचं न्हाई."

आत जाऊन सगळ्यांचं भलं करता येईल, असं त्यानं मनाला समजावून पाहिलं. मन ऐकेना. क्वार्टरच्या ओट्यावर बसून त्या दहाजणांना काय तोंड दाखवायचं?

सकाळी त्यानं सांगून टाकलं, "जमायचं न्हाई, साहेब. अकराजन कायम व्हतील तवाच मी."

साहेब रागावले नाहीत. त्यांनी खणातून कागद काढून त्याच्यापुढं टाकले. राजीनामे होते. दहाच्या दहा. सगळ्यांत वर गोरक्षनाथाचा, आठ दिवसांपूर्वीचा. युनियनचं पहिलं कार्ड रंगनाथानं ज्याच्या हातावर ठेवलं, तो गोरक्षनाथ.

"कामाचा म्हणून तुझ्यासाठी थांबलो होतो," साहेब म्हणाले. "आता जागा त्याला."

गोरक्षनाथ पॅनहाऊसच्या जिन्यापाशी विडी ओढत होता. रंगनाथाला पाहून त्यानं ती विझवली.

"मला इचारायचं तरी," रंगनाथ म्हणाला.

"तू नको म्हनला असतास."

"सगळ्यांनी शब्द दिल्ता, गोरख."

"शब्दच दिल्ता." गोरक्षनाथ खाली बघत म्हणाला. "दसऱ्याला खंडोबाम्होरं बेलभंडार उचलून शपथ घ्यायला आमी समदे तयार हुतो. तूच ताट मागं सारलंस. म्हनलास, देवाची भीती कशाला, कामगाराचा शब्द बास हाय. भंडारा उचलला असता ना रंगनाथ, तर ही सही माझ्या हातून झाली नसती."

रंगनाथाला त्या दिवशीचा आपलाच आवाज आठवला. किती ऐटीत बोलला होता तो.

दुसऱ्या पाळीला त्याला खाली फरशी धुवायला लावलं. वर गोरक्षनाथानं काच दिव्यापुढं धरली, पुसली, पुन्हा धरली. पॅन लवकर सोडला तर दाणा बारीक, उशीर झाला तर पाक आतच थिजायचा. भोवती सगळे उभे. शेवटी त्यानं कठड्यावरून खाली पाहिलं. हाक मात्र मारली नाही.

रंगनाथानं झाडू भिंतीला टेकवला, हात पँटला पुसले आणि तो वर गेला. काच घेऊन त्यानं बोटानं थेंब पसरवला.

"आजून न्हाई."

पॅन घुमत राहिला. थोड्या वेळानं त्यानं दुसरा थेंब पाहिला.

"सोडा आता, साहेब," तो गोरक्षनाथाला म्हणाला.

काच गोरक्षनाथाच्या हातात देऊन तो वळला. लोखंडी जिना अरुंद होता. त्याला वाट द्यायला माणसं कठड्याला चिकटून उभी राहिली, आणि तो शेवटच्या पायरीवर पोचेपर्यंत एकानंही मान वर केली नाही.