एकहाती

"काका, कॉलरला माइक लावला की उभा माइक लागत नाही," मुलगी पुन्हा म्हणाली. या वेळी जरा सावकाश, लहान मुलाला समजावल्यासारखं.

"माहीत आहे," कान्या म्हणाला. "तरी उभाच द्या."

माइक आणि कर्ण्यांच्या धंद्यात उभी हयात घातलेल्या माणसाला आपण माइक शिकवतोय हे लक्षात आल्यावर ती ओशाळली आणि माइक आणायला पळाली. कॉलेजच्या या कार्यक्रमाचा सगळा भार तिच्या अंगावर होता. निरनिराळ्या पेशांतली माणसं बोलवायची, त्यांनी आपापली गोष्ट सांगायची आणि ऐकणाऱ्या पोरांना हुरूप यायचा, असा बेत. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई बोलून झाल्या होत्या, विमान चालवणारी तरुणी बोलून टाळ्या घेऊन आली होती, आणि आता एक बेकरीवाला स्टेजवर पाव न फुगल्याच्या दिवसाबद्दल बोलत होता. सगळ्यात शेवटी कान्या.

त्याचं भाषण मुलीनंच बसवून घेतलं होतं. त्याच्या भागीदाराचा, भोंग्याचा, उल्लेख तिनं आधी एका वाक्यावर आणला आणि मग तेही गाळलं. एका गोष्टीत एकच हिरो असतो काका, दोन झाले की लोकांचं लक्ष फाटतं, असं तिचं म्हणणं. कान्या तेव्हा नुसता "बघू" म्हणाला होता. आज सकाळी दाढी करताना त्यानं आरशाला सांगून टाकलं, की भोंग्याचंच बोलायचं. मग पोरं हसोत, नाहीतर माइक बंद करोत.

भोंग्या आणि कान्या ही नावं गावानं ठेवलेली. दोघांनी मिळून धंदा काढला तेव्हा भोंग्याचा आवाज असा, की कर्णा लावायची गरजच काय असं लोक विचारत. आणि कान्या असा मुखदुर्बळ, की गिऱ्हाइकानं भाव विचारला तर वायरीची गाठ सोडवत बसायचा. पण कुठल्या कोपऱ्यात आवाज घुमतोय आणि कुठे पोचतच नाही, ते त्याला बरोबर कळे. त्यामुळे कामाची वाटणी आपोआप झाली. हॉल माणसांनी भरला की आवाज बदलतो, म्हणून शेवटची तपासणी माणसं बसल्यावर, कार्यक्रम सुरू होण्याच्या तोंडावर करायची. भोंग्या स्टेजवर माइकसमोर उभा राही आणि म्हणे, "पोचतोय का?" कान्या शेवटच्या रांगेमागे, भिंतीला टेकून. आवाज पोचला की तो हात वर करी. मग भोंग्या "आला हात" म्हणून खाली उतरे आणि मोठी माणसं बोलायला उभी राहत. भोंग्या घरीसुद्धा बाहेरच्या खोलीतून "पोचतोय का?" असं ओरडून चहा मागायचा, आणि वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून हात वर करायच्या.

गेल्या वर्षी भोंग्या गेला. तेव्हापासून कान्या स्टेजवर एक गाणं लावून ठेवी आणि स्वतःच मागे जाऊन ऐकून येई. काम भागत होतं.

कॉलेजच्या पोरांनी फोटो मागितला तेव्हा त्यानं असेल तो दिला. दुकानाच्या दारातला, दोघांचा, गळ्यात गळे घातलेला. पोस्टर छापून आलं त्यात एकटा कान्या होता आणि खाली ठळक अक्षरांत ‘एकहाती उभारलेलं आवाजाचं जग’. पोस्टर चौकाचौकात लागलं. भाजी आणायला गेलेल्या वहिनींनी ते पाहिलं.

तो त्यांच्याकडे गेला तेव्हा त्यांनी पाणी दिलं, बायकोच्या गुडघ्यांची चौकशी केली, फोटो छान आलाय म्हणाल्या. आणि मग पेला उचलताना सहज विचारल्यासारखं विचारलं.

"भाऊजी, एकहाती ना? मग तुमच्या खांद्यावर तो तिसरा हात कुणाचा?"

कान्यानं ते तोवर पाहिलंच नव्हतं. परत जाताना तो चौकात थांबला. पोरांनी भोंग्याला कापला होता खरा, पण खांद्यावरची बोटं तशीच राहिली होती. करंगळी जरा वाकडी, कर्णा पडून मोडलेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं वहिनींना कार्यक्रमाला या म्हणून निरोप पाठवला. त्यांनी उलट कळवलं, की जमलं तर बघते, आणि आले तरी पुढे बसणार नाही. वहिनी फटकळ होत्या, पण खोटं बोलणाऱ्या नव्हत्या. जमलं तर म्हणजे मन झालं तर, हे त्याला कळलं. मनात एकदा अढी बसली की त्या घराचा उंबरा आपल्याला परका होणार, हेही कळलं. आणि स्वतःच्या घराखेरीज हक्कानं जावं असं दुसरं घर होतं कुठे त्याला?

बेकरीवाला घाम पुसत आत आला. "लई गरम आहे तिथं," म्हणाला. "माझ्या भट्टीपेक्षा जास्त."

कान्याचं नाव पुकारलं गेलं. तो उभ्या माइकसमोर जाऊन उभा राहिला आणि जन्मात कधी न केलेली गोष्ट त्यानं केली.

"पोचतोय का?" तो म्हणाला.

पोरं हसली. त्यांना वाटलं, काका विनोद करतायत. कान्या मात्र खरंच वाट बघत होता. हात आल्याशिवाय बोलायला सुरुवात करायची नसते, हे त्याच्या अंगात मुरलेलं. त्यानं शेवटच्या रांगेकडे पाहिलं.

काही दिसेना.

स्टेजवरचे दिवे थेट डोळ्यांत येत होते आणि त्यांच्यापलीकडे नुसता काळोख होता. पहिल्या रांगेतले चार-दोन बूट तेवढे दिसत होते. त्यानं कपाळावर हात धरून पाहिलं, बाजूला सरकून पाहिलं. भिंतही दिसेना, भिंतीशी कुणी असलं तर तेही दिसेना. स्टेजवर तो आयुष्यभर चढला होता, पण वायरी टाकायला, हॉलचे दिवे चालू असताना. हे दिवे लागलेले असताना तो कायम त्या टोकाला असायचा.

पोरांचं हसू विरलं. विंगेतून मुलगी हातानं ‘बोला, बोला’ करत होती.

मग भोंग्या काय बघत होता इतकी वर्षं?

काहीच नाही. भोंग्याला कधी हात दिसलाच नव्हता. तो विचारायचा, थोडं थांबायचा आणि "आला हात" म्हणायचा. मागे कान्या आहे, म्हणजे हात वर झालाच असणार. लेकाचा कधी बोललाही नाही.

कान्यानं माइक थोडा खाली ओढला.

"आला हात," तो काळोखाला म्हणाला. मग घसा खाकरला. "तुमच्या पोस्टरवर माझ्या खांद्यावर एक हात आहे. तो कापायचा राहून गेलाय. मी त्या हाताची गोष्ट सांगणार आहे."

पाठ केलेलं एकही वाक्य त्यानं वापरलं नाही. शाळेच्या मैदानावर वायर जळाली तेव्हा भोंग्यानं जिंकलेल्या मुलांची नावं नुसत्या घशानं मैदानभर कशी पोचवली आणि घसा बसल्यावर पुढे आठवडाभर शिट्टी वाजवून माइक कसा तपासला, ते त्यानं सांगितलं. करंगळी कशी मोडली, तेही सांगितलं. मध्ये दोनदा अडखळला. पण खाली उतरला नाही. शेवटी दुकान एकहाती नव्हतं एवढं म्हणाला आणि सवयीनं माइकचं बटण बंद केलं, त्यामुळे ‘नमस्कार’ कुणालाच ऐकू आला नाही.

विंगेत मुलगी म्हणाली, "काका, तो हात मला दिसलाच नव्हता हो."

"मलाही नाही," कान्या म्हणाला.

हॉल रिकामा होत होता. दिवे लागले होते. कान्या स्टेजवर उकिडवा बसून वायर गुंडाळत होता. वायर कॉलेजची होती आणि ती गुंडाळायला माणसं होती, तरी. पायऱ्यांशी चपला वाजल्या. वहिनी होत्या. दारावरचं पोस्टर त्यांनी सोडवून घेतलं होतं आणि गुंडाळी काखेत धरली होती. हे मी नेतेय, त्यांनी सांगितलं. विचारलं नाही.

वायरीचं एक टोक उचलून त्यांनी त्याच्या हातात दिलं.

"तुम्ही विचारलंत तेव्हा मी हात वर केला होता, भाऊजी. अगदी मागे होते. दिसला ना?"

कान्यानं वायरीला शेवटचा वेढा दिला.

"दिसला की," तो म्हणाला.