हलू नका!

थोरल्या दादाचा फोटो स्टुडिओ होता. पुढे त्याने हौसेने व्हिडिओ कॅमेरा घेतला, पण जुनी खोड काही जाईना. कॅमेरा सुरू झाला की तो ओरडायचा, "हलू नका!" आणि आमचं अख्खं घराणं श्वास रोखून उभं राहायचं.

आता दादाही नाही. त्याच्या कॅसेटी जोडून मी स्वतःच्या आयुष्यावर फिल्म करायला निघालो, तर एडिटिंग करणारी मुलगी चक्रावली.

"काका, हे फोटोच आहेत ना?"

"नाही गं. मागे पडदा हलतोय बघ."

"पडदा सोडून कोणी?"

"एकदा शेजारचं मांजर हललं होतं. दादा त्याच्यावरही खेकसला."

ती हसली. मला मात्र या सगळ्यातून एकच हवं होतं. आमची ही गेली, तिला एकदा हलताना पाहायचं होतं. न हलणारी ती भिंतीवर आहेच.

कॅसेटी संपत आल्या तेव्हा मुलगी म्हणाली, "काका, इकडे बघा."

सगळे खांबासारखे उभे. मी ओठांच्या कोपऱ्यातून हिच्या कानाशी काहीतरी पुटपुटतो. हिचा खांदा हलतो. मग ती तोंडावर हात धरते आणि हसत हसत मला कोपर मारते. वरून दादा, "अरे, हलू नका म्हटलं ना!"

"काय बोललात तुम्ही? त्यांच्या ओरडण्यात बुडालंय."

जन्मभर लोकांच्या टोप्या उडवल्या, त्यातलं बरंच पाठ आहे. बायकोला हसवणारं हे एक वाक्य तेवढं पार विसरलो.

"दुसरं काहीतरी घालू," मुलगी म्हणाली. "कोणाला कळणार आहे?"

"हिला," मी म्हणालो आणि तो तुकडा घरी घेऊन आलो.

रोज संध्याकाळी तो टीव्हीवर लावतो आणि नेमक्या वेळी एकेक विनोद पुटपुटून बघतो. दादाच्या टकलावरचा, सासऱ्यांच्या घोरण्यावरचा, काही तर चारचौघांत न सांगण्यासारखे. ती प्रत्येकाला हसते. जिवंतपणी इतकी दिलदार नव्हती. शिळा विनोद ऐकला की उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागायची.

एडिटिंगवाल्या मुलीचा फोन येतो, फिल्मचं काय झालं? मी सांगतो, वाक्य शोधतोय.

काल मुद्दाम काहीच बोललो नाही. नुसता बसून राहिलो.

तरीही हसली.