खुरपणी कोणी केली

"खुरपलं ते मी. ह्या दोन हातांनी. आणखी कितीदा सांगू?"

"बरं ताई, तुम्ही." धाकटी जाऊ कुंपणापलीकडून म्हणाली, आणि वर अशी गोड हसली की वहिनीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हसतेस काय? मी खोटं बोलते?"

"छे छे! त्यानं शपथ घातली असेल तर तुम्ही तरी काय करणार? आम्ही नाही विचारणार हो."

"कुणी घातली शपथ?"

"तेच तर!" असं म्हणून जाऊ बादली उचलून आत गेली.

वहिनी खुरपं हातात धरून तशीच उभी राहिली. गाव तिला तोंडावर वहिनी म्हणायचं आणि पाठीमागे तिखट. नाव काही उगाच पडलं नव्हतं. पण आठवडाभर तिचा तिखटपणा कुणाला झोंबेनासा झाला होता. ती चिडली की लोक कौतुकानं माना डोलवायचे. असल्या गावाशी माणसानं भांडायचं तरी कसं?

झालं होतं असं. महिन्यापूर्वी तिचा नवरा चर्चच्या छपरावरची फुटकी कौलं बदलायला चढला. देवाचं काम, मजुरीचा प्रश्नच नव्हता. शेवाळलेलं एक कौल पायाखालून निसटलं आणि देवाचं काम करता करता गडी अंगणात आला. पायाचं हाड दोन ठिकाणी मोडलं. तीन आठवडे इस्पितळात काढून आता घरी पडून होता, मांडीपर्यंत प्लास्टर. तेवढ्या दिवसांत बटाट्याच्या शेतात तण असं माजलं की सरी कुठली आणि वरंबा कुठला ते ओळखू येईना. तण काढल्याशिवाय कुदळ चालणार नव्हती, आणि कुदळ चालल्याशिवाय बटाटे निघणार नव्हते. वर्षाचं पीक म्हणजे तेवढेच बटाटे.

दिवसा तिला वेळ नव्हता. दोन गाई, नवऱ्याचं अंथरूण, स्वयंपाक, धुणं. म्हणून ती पहाटे, गाव घोरत असताना, शेतात जायची. दवानं माती मऊ झालेली असायची, तण मुळासकट हातात यायचं. गुडघे टेकून एकेक सरी पुढे सरकायचं, ढेकूळ झटकायचं, मागे टाकायचं. उजाडलं की परत गोठ्यात. असे आठ दिवस गेले. नवव्या दिवशी शेताकडेच्या वाटेनं लोक कामाला निघाले तेव्हा शेत लख्ख झालेलं, आणि वहिनी गोठ्यात शेण काढतेय.

एरवी कुणीही म्हणालं असतं, बाईनं पहाटे उठून काढलं असेल. पण ह्या गावात त्या आठवड्याचं वचन आडवं आलं.

गावात नवे फादर आले होते. तरुण, हसतमुख, आणि उत्साहाचा नुसता धबधबा. त्यांचं म्हणणं, शास्त्रवचन ऐकून घरी जायचं नाही, ते आठवडाभर जगायचं. दर रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ते एक वचन द्यायचे, आणि बुधवारी संध्याकाळी शाळेच्या खोलीत जमून प्रत्येकानं आपण ते कसं जगलो हे सांगायचं. मास्तरीणबाई वहीत टिपून घ्यायच्या. शत्रूवर प्रेम करण्याच्या आठवड्यात दुकानदारानं लोहाराची इतक्यांदा विचारपूस केली की लोहारानं जायची वाट बदलली. भुकेल्याला जेवू घालायच्या आठवड्यात गावातला एकुलता एक भिकारी रोज सात घरी जेवला आणि शेवटी अंथरुणाला खिळला.

मग आलं ते वचन. भलं करायचं ते गुपचूप करा, उजव्या हातानं केलेलं डाव्यालासुद्धा कळू देऊ नका.

त्या बुधवारी मोठी पंचाईत झाली. सांगावं तर वचन मोडतं, न सांगावं तर आठवडाभर काही केलंच नाही असं दिसतं. मास्तरीणबाई पेन उघडून बसलेल्या. शेवटी त्यांनीच घसा साफ केला. "नाव कुणाचं नको. पण एका घरावर संकट आलंय आणि त्या घरचं शेत कुणीतरी खुरपून दिलंय, हे तर आपण सगळ्यांनीच पाहिलं."

झालं! खोलीतल्या एकूण एक माणसानं मान खाली घातली. लोहार तळहात चोळू लागला, जणू फोड आलेत. दुकानदार खोकला आणि खिडकीबाहेर बघू लागला. धाकट्या जावेनं डोळे मिटून घेतले. खुद्द मास्तरीणबाईंनीही पापण्या झुकवल्या.

"अहो, मी खुरपलं!" वहिनी कोपऱ्यातून ओरडली.

फादर हळुवार हसले. "ताई, तुम्ही त्याचं गुपित राखता आहात. हेही वचन जगणंच आहे."

मास्तरीणबाईंनी तेवढं लिहून घेतलं.

रविवारच्या प्रवचनात फादरनी त्या अज्ञात कष्टकऱ्याचे असे गोडवे गायले की बाकांवरच्या निम्म्या लोकांचे डोळे पाणावले. आपलंच कौतुक आपण ऐकतोय असं वाटलं की माणसाला लवकर भरून येतं. शेवटी त्यांनी नवं वचन दिलं, मागा म्हणजे मिळेल, ठोठावा म्हणजे उघडेल.

सोमवारी आभाळ भरून आलं. वारा पडला, माश्या दारातून हलेनात, आणि रेडिओवर सांगितलं की गुरुवारी दुपारनंतर मुसळधार. वहिनीचं शेत सखल. एकदा का पाणी साचलं की चार दिवसांत बटाट्याचा चिखल होणार. पण लोहारानं इस्पितळात नवऱ्याच्या खाटेशी बसून शब्द दिला होता, "बटाटे काढायला मी नि माझे दोघं भाऊ येऊ, तू निवांत पडून राहा." ती तडक लोहाराकडे गेली.

"दादा, गुरुवारच्या आत बटाटे काढायला हवेत. कधी येताय?"

लोहारानं भात्याची दोरी सोडली. "आलो असतो वहिनी. पण आता बरं दिसेल का? एक माणूस गुपचूप तुमचं सगळं करतोय. मी मध्येच घुसलो तर त्याचं पुण्य लाटल्यासारखं होईल."

"असा कुणी माणूस नाही हो!"

"तुम्ही असंच म्हणणार," लोहार भारावून म्हणाला. "म्हटलंच पाहिजे तुम्हाला."

दुकानदाराकडे हातगाडी होती. तो म्हणाला, "ज्यानं खुरपलं त्याच्याकडे गाडी नसेल होय? आपण उगाच त्याच्या कामात लुडबुड कशाला करायची?" आणि गाडीवर ताडपत्री ओढून घेतली. जावेची पाठ नेमकी त्याच दिवशी धरली. उरले फादर. त्यांनी वहिनीला बसवलं, पाणी दिलं, आणि तिच्यासाठी इतकी सुंदर प्रार्थना केली की क्षणभर तिलाही वाटलं, बटाटे आपोआप पोत्यात शिरतील.

"विश्वास ठेवा ताई. ज्यानं सुरुवात केली तो शेवटही करील."

"तिची कंबर मोडलीय, फादर," वहिनी म्हणाली. फादरना अर्थ लागला नाही. त्यांनी कंबरेसाठीही प्रार्थना केली.

मंगळवारी ती एकटीच कुदळ घेऊन गेली. दिवसभरात दोन सऱ्या झाल्या. अजून अडतीस होत्या. संध्याकाळी घरी आली तर नवरा आढ्याकडे बघत पडलेला.

"एक विचारू? रागावणार नाहीस?"

"रागवायचं असलं तर रागवीन. विचारा."

"कोण आहे तो?"

वहिनीच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

"म्हणजे, लोक येतात, बोलतात," नवरा चाचरत म्हणाला. "मी गोळी घेऊन झोपतो, मला पहाटे जाग कुठली? कुणी मदत केली तर चांगलंच आहे. पण मला तरी सांग. लोहार आहे का?"

गाव म्हणालं तेव्हा तिला राग आला होता. हा म्हणाला तेव्हा रडू आलं. तिनं तांब्या ठेवला आणि दोन्ही तळहात त्याच्या नाकासमोर धरले. कातडं सोललेलं, नखांत माती बसलेली, बोटाच्या बेचक्यात खुरप्याची जखम.

"हे लोहाराचे हात आहेत? बघा नीट."

त्यानं ते हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. "मी गाढव आहे," तो म्हणाला.

"ते मला लग्नापासून माहीत आहे. बटाट्यांचं काय?"

"उद्या मंडळीसमोर हात दाखव."

"दाखवले तर म्हणतील, बिचारी त्याच्यासाठी हातसुद्धा सोलून घेते." तिनं डोळे पुसले आणि विचारात पडली. "नकोच मानू दे कुणी. मला काय करायचंय? मला बटाटे घरात हवेत."

बुधवारी शाळेच्या खोलीत मास्तरीणबाईंनी विचारलं, "मागा म्हणजे मिळेल. हे वचन कोण जगलं?"

वहिनी उठली. "मी. चार दारं ठोठावली. चारही उघडली."

"वा!" फादर खूश झाले.

"बाहेर मात्र कुणी आलं नाही. असू दे. मला दुसरंच सांगायचंय. तुम्ही सगळे म्हणता मी नाव लपवते. आजपासून लपवणं बंद. उद्या पहाटे पाच वाजता माझ्या शेतात जो कुणी बटाटे काढताना दिसेल, त्याचं नाव रविवारी मिस्सेत सगळ्यांसमोर सांगणार. जो दिसणार नाही, तो हा माणूस नव्हे. शपथ."

ती खाली बसली. खोलीत कुणी कुणाकडे पाहिलं नाही. तिनं पुन्हा पुन्हा मनात तपासलं, ह्यात एक शब्द खोटा नव्हता.

पहाटे धुकं दाट होतं. वहिनी कुदळ खांद्यावर टाकून बांधावर आली आणि थबकली. शेतात चारी बाजूंनी माती उकरल्याचे आवाज येत होते. पूर्वेच्या कोपऱ्यात लोहार आणि त्याचे दोघं भाऊ. पश्चिमेला दुकानदार, हातगाडीसकट. मधल्या सरीत पदर खोचून मास्तरीणबाई. पाठ धरलेली जाऊ आपल्या नवऱ्याला घेऊन वाकलेली. बांधाला लागून सुतार आणि त्याची बायको. धुकं विरळ झालं तसे सगळे एकमेकांना दिसू लागले, आणि मग जी मजा झाली ती काय सांगावी!

"तू इथं काय करतोस?" लोहारानं दुकानदाराला विचारलं.

"मी? मी रोजचाच आहे. तू कसा आज?"

"आज? पहिल्या दिवसापासून येतोय!"

"मग मला कसा दिसला नाहीस?"

"तू आलाच नसशील तर दिसणार कसा?"

"मी त्या अंगाला असायचो, विहिरीकडे."

"विहिरीकडचं तर मी खुरपलं," जाऊ म्हणाली.

मास्तरीणबाई कंबर सरळ करत म्हणाल्या, "वाद नको. आपण सगळेच वेगवेगळ्या वेळी येत असू."

हे सगळ्यांनाच पटलं. वहिनीनं ओठ घट्ट मिटून घेतले, हसू फुटलं असतं तर घोटाळा झाला असता. मग तिनं कामाला हात घातला. कोण किती उकरतो ह्यावर सगळ्यांचं लक्ष होतं, त्यामुळे कुणी दमही खाल्ला नाही. लोहाराचे भाऊ दुकानदाराहून पुढे, म्हणून दुकानदार जिवाच्या आकांतानं पुढे. काळ्याभोर मातीतून बटाटे नुसते उसळत होते. अकरा वाजेपर्यंत उरलेल्या सगळ्या सऱ्या उलथल्या, एकतीस पोती भरली, हातगाडीच्या सात खेपा झाल्या. शेवटचं पोतं पडवीत टेकवलं आणि पहिला टपोरा थेंब पडला.

रविवारी पाऊस थांबलेला नव्हता. नवऱ्याला हातगाडीवर बसवून, वर ताडपत्री धरून आणला होता. चर्च गच्च भरलं होतं. प्रवचन संपल्यावर फादर म्हणाले, "ताई, तुम्ही नाव सांगणार होतात."

वहिनी उठली आणि तिनं एकामागून एक नऊ जणांची नावं घेतली. दर नावागणिक बाकांवर एकेक छाती फुगली. फादरनी हात जोडले. "नऊ माणसं! आणि एकमेकांनाही पत्ता नाही! म्हणजे खुरपणी ह्याच नऊ जणांनी केली तर?"

नऊ माना खाली गेल्या. वहिनीला गप्प बसता आलं असतं. पण समोर वेदी होती, आणि तिथं तोंड मिटून घेणं म्हणजे खोटं बोलणंच झालं असतं.

"नाही फादर. बटाटे ह्यांनी काढले, त्यांचे उपकार आहेत. खुरपणी मी एकटीनं केली. पहिल्या दिवसापासून हेच सांगतेय."

चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली.

"बघा! नऊ माणसं राबली आणि ही म्हणते मी केली!"

"पीक घरात आलं ना आता. कालपर्यंत किती नम्र होती!"

"अहो, खरं आहे ते! तिचे हात बघा!" मागून नवरा ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा तो चर्चमध्ये ओरडला होता.

"बायकोची बाजू घेणारच तो," लोहार दुखावून म्हणाला.

मिस्सा संपल्यावर फादरनी तिला बाजूला घेतलं. त्यांचा चेहरा खरोखर खिन्न झाला होता. "ताई, श्रेयाचा मोह भल्याभल्यांना होतो. मी रागावलो नाही. गुडघे टेका आणि नमो मरियाची प्रार्थना तीनदा म्हणा. मन हलकं होईल."

वहिनीनं बोलायला तोंड उघडलं. उघड्या दारातून तिला तिचं शेत दिसत होतं, गुडघाभर पाण्याखाली. पडवीतली एकतीस पोती तिच्या डोळ्यांसमोर आली, कोरडी ठणठणीत.

"बरं फादर," ती म्हणाली.

तिनं गुडघे टेकले. पहिली नमो मरिया बटाट्यांसाठी म्हटली, अगदी मनापासून. दुसरी मागच्या बाकावर ओरडणाऱ्या त्या माणसासाठी म्हटली, त्याच्या पायासाठी. तिसरी तिनं राखून ठेवली. नव्या आठवड्याचं वचन फादरनी नुकतंच दिलं होतं, दुसऱ्याचा न्याय करू नका, आणि मंडळी ते कसं जगली हे बुधवारी तिला ऐकायचं होतं.