लाम्पेर्टचा तिसरा दगड

"पुरं झालेलं बघायचा हट्ट धरू नकोस. तू आपल्या तीन फेऱ्या घाल," आई सांगायची. आमच्या ऱ्हाईनकाठच्या गावात कॅथेड्रलचं बांधकाम तिच्या पणजोबांपासून चाललेलं. पणजोबांनी पाया भरला, आजोबांनी वेदीमागच्या कमानी वळवल्या, वडिलांचा जन्म दक्षिणेच्या भिंतीत गेला. मनोरा तर अजून माझ्या कमरेएवढाही नाही. तरी पहाटेची प्रार्थना झाली की मी कॅथेड्रलभोवती अनवाणी तीन फेऱ्या घालते. तोवर पाण्याचा घोटही नाही.

त्या शुक्रवारी दुसऱ्या फेरीला पाथरवटांच्या पडवीपुढं तिरडी दिसली. जवळ जाऊन बघते तर वर दगड! आमच्याकडे कुणाच्या हातून दगड वाया गेला, तर त्याला रीतसर मूठमाती देतात. चौघं खांदा देतात, आणि बिघडवणारा सुतकी चेहऱ्यानं तिरडीमागून चालतो.

मागं माझा धाकटा भाऊ होता, लाम्पेर्ट.

मला हसू आलं नाही. वर्षातला हा त्याचा तिसरा दगड. तिसऱ्याला पडवीतून नाव कमी करतात, आणि पंचेचाळिशीच्या पाथरवटाला दुसऱ्या गावात कोण उभं करणार?

यात्रा बाजारातून निघाली. मासळीवाली यूटा मावशी ओरडली, "काय रे लाम्पेर्ट, कोण गेलं?"

"खिडकीचा खांब, मावशी. तरणाताठा गेला हो!"

"मग रड की मेल्या!"

"तुझी मासळी हुंगली की आपोआप येतंय रडू."

सगळा बाजार हसला. लाम्पेर्टचा हात मात्र तिरडीचा दांडा सोडत नव्हता. का, ते मला ठाऊक होतं. वर्षभर त्याच्या सुईत दोरा मीच ओवत होते. "ताई, कुणाला बोललीस तर बघ," असं त्यानं बजावलं होतं. मी हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं.

खड्ड्यापाशी वस्ताद फोल्कमारांनी दगडावर बोट ठेवलं. "थर उभे! खाणीत दगड आडवा निजलेला असतो, भिंतीतही आडवाच लागतो. उभा लावला तर चार हिवाळ्यांत कांद्यासारखा सोलून निघेल. हे कालच्या पोरालाही कळतं. बेफिकीर झालास तू."

"झालो खरा," लाम्पेर्ट म्हणाला.

माझ्यानं राहवलं नाही. "वस्ताद, त्याला थर दिसत नाहीत."

"ताई!"

"वर्ष झालं. वाटाण्यातला खडा चाचपून काढतो तो."

लाम्पेर्टनं माझ्याकडे पाठ फिरवली. वस्तादांनी दाढी खाजवली.

"अरे गाढवा, आधी बोलायला काय झालं होतं?"

"आंधळ्याला काम कोण देतं?"

"इथं नाहीच देणार. पण खाणीत दगड जागच्या जागी निजलेला असताना वरची बाजू कुठली, हे सांगायला डोळे कशाला? तोडायच्या आधी प्रत्येकाच्या माथ्यावर खूण कोर. मग इथं कुणाचाच उभा बसायला नको. हिवाळ्याच्या तोंडावर, सेंट मार्टिनच्या सणाला आपण भिंतींवर पेंढा नि शेण घालून काम थांबवतो. त्याआधी खाणीतून एक होडी भरून खुणेचे दगड हवेत. जमलं तर पडवीत तुझं नाव राहील. जमेल?"

"जमेल. शब्द देतो."

"मग या मयताला तरी आटपा. भूक लागलीय."

लाम्पेर्ट दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. मी पाद्रीबाबांपुढं चहाडीचं पाप कबूल केलं. त्यांनी प्रायश्चित्त म्हणून चौथी फेरी सांगितली, आठवडाभर.

सोमवारी उजाडताना लाम्पेर्टनं हातोडी नि छिन्नी पिशवीत घातली. मी पाव आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचा तुकडा फडक्यात बांधून टेबलावर ठेवला. त्यानं चाचपून गाठ पाहिली, सैल वाटली म्हणून पुन्हा घट्ट बांधली आणि काखेत मारली. मग दार आवाज न करता ओढून घेतलं आणि एक हात भिंतीला लावत खाणीकडे जाणारी होडी गाठायला नदीच्या वाटेला लागला.